म्या खाल्लेला वटा

लिहा. पयले नाव लिहा, किसन. गाव धावडा, तालुका भोकरदन, पन गावात आता आपलं काही ठिवलेलं न्हाई, येक बाभळ व्हती ती बी चुलत्यानं तोडून जाळली. जल्माचं म्हनाल तर माही माय सांगती की मी झालो तवा सुईन म्हनली व्हती, बाई, हे लेकरू सुपात मावून न्हाई राह्यलं, पाय भाईर यायलेत. तवापासून माहे पाय भाईरच हाएत. बाजंवर झोपलो तर पाय भाईर, पांघरून वढलं तर पाय भाईर. शाळंत येक दिवस गेल्तो. गुरुजींनी उंची बघितली अन म्हनले तू माघं बस, मी माघं बसलो, भितीला टेकलो, झोप लागली, उठलो तवा शाळा सुटल्ती अन गुरुजी कडी लावून घरी गेल्ते. मंग खिडकीतून भाईर पडलो तो पडलोच. लोक इचारत्यात कितवी शिकला, मी म्हनतो, खिडकीपोतर.

गयाचं अन माहं लगन धावड्यातच झालं. आम्ही बौद्ध, आमच्यात हार घालत्यात अन वरून फुलं टाकत्यात, तर हार घालायच्या टायमाला गयाचे हात माह्या छातीपोतर आले अन थांबले. मी वाकायला पायजे व्हतं, पन मला कोनी सांगितलंच न्हाई, मी आपला नवरदेव म्हनून ताठ उभा. तिनं खालून हळूच म्हनलं, वाकता का शिडी आनू. हे तिचं मला पयलं बोलनं. तवापासून मी वाकलेलाच हाय, आजून सरळ झालो न्हाई.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं खडी फोडायला व्हतो. लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, खाल्ली, सुकडी खाल्ली, भेटलं ते खाल्लं. त्या सालानं मला येक खोड लावली, ती पुढं नडली म्हनून आत्ताच सांगून ठिवतो. हाताला दाना लागला की तो तोंडात जायचा, इचार माघून यायचा. अन गयाला त्या सालानं गुडघा दिला. दगडाची पाटी घेऊन घसरली, डाव्या गुडघ्यावर पडली, तवा काही वाटलं न्हाई, हळद लावली अन दुसऱ्या दिवशी कामावर गेली. गुडघा तवा गप बसला, पन इसरला न्हाई.

मंग आम्ही जालन्याला आलो. माय बी आली संगं. कुंडलिका नदीच्या अलीकडं जुन्या जालन्यात दोन खोल्या घेतल्या, वर पत्रे, खाली माती, अन काम मिळालं पलीकडं नव्या जालन्यात, बियान्याच्या गोदामात हमाली. उंची तिथं कामाला आली बगा. बाकीचे हमाल थप्पीला फळी लावून चढायचे, मी खालूनच पोतं वर सरकवायचो. मुकादम म्हनायचा, किसन म्हंजे आपली क्रेन हाय. फक्त गोदामाचं दार बुटकं व्हतं, त्या दाराला माहं डोकं किती डाव लागलं ते दारालाच माहीत.

माह्या संगं चार हमाल सडे व्हते, बायका गावाकडं, ते म्हनले वैनीच्या हातची भाकर भेटली तर आम्ही पैसे देऊ. गयानं धरलं काम. सकाळी अंधारात चुलीम्होरं बसायची, आमच्या अन त्यांच्या, ढीगभर भाकरी. खरं सांगायचं तर माही हमाली रोज राहायची न्हाई, हंगाम सरला की गोदाम थंड, पन गयाची चूल कव्हा थंड पडली न्हाई. घर तिच्या भाकरीवर चालायचं, अन घरचा मालक म्हनून पाव्हन्याला हात मी जोडायचो.

तर तो गुडघा जागा झाला. बसली की उठता येईना, उठली की बसता येईना. चुलीपसून उठताना भितीला धरायची अन तोंडानं काही म्हनायची न्हाई, पन भितीवर तिच्या हाताचा डाग पडल्ता काळा, पीठ अन काजळीचा, तो मी रोज बघायचो. सरकारी दवाखान्यात नेलं. डागदरनं गुडघा दाबला, म्हनला, उकिडवं बसनं बंद करा, न्हाई तर हा पाय वाकायचाच बंद होईल. गया म्हनली, साहेब, मंग भाकर काय झाडावर चढून करू. तो म्हनला, उभं राहून करा, वटा बांधा.

वटा मी बघितला व्हता बरं का. येका बँकवाल्या बाईच्या घरी बियान्याची पिशवी पोचवायला गेल्तो तवा. सैपाकघरात कंबरंइतका उंच वटा, वर काळा कुळकुळीत दगड, तोंड दिसंल आसा, खाली लाकडाची कपाटं, कपाटाला जाळीची दारं, अन ती बाई उभी. मी हात जोडून इचारलं, बाई, दुकान कव्हा उघडतं. बाई हसली बिचारी. म्हनली, भाऊ, हे सैपाकघर हाय. घरी येऊन सांगितलं तर गया हसली न्हाई, ती म्हनली दारं कशी व्हती, जाळीची का, मांजर जाईल का आत. दगड पुसता येतो का. मी म्हनलं मी तोंड बघितलं त्यात, पुसून न्हाई बघितला.

मायला पटलं न्हाई. माय म्हनली, उभ्यानं भाकर थापायला आपन काय ठेसनावरचे हाटेलवाले हाव का. उभ्यानं केलेल्या भाकरीनं पोट बसत न्हाई, उभंच राहतं. गया म्हनली, आत्याबाई, तुमच्या ल्योकाचं पोट बसलेलं म्या तर कव्हा बघितलं न्हाई, बसून केलेल्या भाकरीनं बी. माय माह्याकडं बघाया लागली, मी पत्र्याकडं.

आता वटा करायचा म्हंजे पैसा, अन पैशाचं आमच्या आळीत कसं व्हतं ते सांगतो, ते आईकल्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. आळीच्या तोंडाला सत्तारचाचाचं किरान्याचं दुकान. पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी, बोलनं कमी. आळीतल्या बाया आपला पैसा नवऱ्यापसून वाचवायचा म्हनून चाचाकडं ठिवायच्या. हरेक बाईचा येक डालड्याचा डबा, डब्याला तिच्या लुगड्याची चिंधी बांधलेली, कोनाचा कोनता ते चिंधीवरून वळखायचं. लिहिनं न्हाई, वाचनं न्हाई. पाच रुपये दिले की चाचा ते डब्यात टाकायचा अन पोत्यातून येक हरभरा उचलून बाईच्या हातावर ठिवायचा. म्हनायचा, ये ले बहन, तेरी रसीद, संभाल के रख. बाई तो हरभरा घरी मडक्यात टाकायची. जेवढे हरभरे तेवढे पाच-पाच रुपये. वर्सानुवर्सं चाललं, येक पैशाची कुरकुर न्हाई. हरभरा दुसरीकडं बी मिळतो हे येवढ्या बायांतून कोनाच्या डोक्यातच आलं न्हाई. यायला माह्यासारखं डोकं लागतं.

गयाचं मडकं कोनाड्यात व्हतं. आमच्या आदी त्या घरात जे राहायचे त्यांचे देव त्या कोनाड्यात असायचे, आमच्याकडं देव न्हाई, कोनाडा रिकामा, मंग तिनं तिथं हरभऱ्याचं मडकं ठिवलं.

लक्षुमन मिस्त्रीला बोलवलं. त्यानं घर बघितलं, पान खाल्लं, थुकायला भाईर गेला, परत आला अन खर्चा सांगाया लागला. इटा येवढ्याच्या, चुना येवढ्याचा, सिमेट परमिटाबिगर भेटत न्हाई म्हनून फक्त वरच्या थराला, माही मजुरी येवढी. ते सगळं रुपयात. गयाला रुपयात कळायचं न्हाई, ती म्हनली थांबा, अन मडकं आनून जमिनीवर हरभरे मांडले. हे इटाचे. हे चुन्याचे. हे तुमचे. मिस्त्री म्हनला, वैनी, माह्या ढिगात आजून दोन टाका. ती म्हनली, पान घरून खाऊन येत जावा, मंग टाकते. मंग दगड. काळा दगड घ्याचा म्हनलं तर ढीग लई मोठा व्हायला लागला, मडक्यात काही उरंना, मंग तिनं काळ्याचे हरभरे माघं घेतले अन शाहाबादी फरशीचे मांडले, ते निम्मे. जाळीच्या कपाटाचे मांडले, थोडा टाइम बघितलं अन उचलले, तिथं साध्या दोन फळ्यांचे मांडले. आम्ही ईसाच्या हिशेबानं मोजतो, तर तिच्या अंदाजानं मडक्यात तीन ईस हरभरे व्हते, अन तीन ईसात वटा, शाहाबादी अन फळ्या, येवढं बराबर बसलं. ती म्हनली, झालं, आपल्याला तोंड बघायचा दगड नकोच, तोंड काय येवढं बघन्यासारखं हाय. पन जाळीच्या दारावरून तिचा हात उशिरा उठला, ते मला दिसलं.

त्याच आठवड्यात मी दुपारी घरी आलो. काम न्हवतं गोदामाला. गया डबे पोचवायला गेल्ती, माय वट्यावर, म्हंजे भाईरच्या, शेजारनीच्या उवा काढत बसल्ती. भूक लागल्ती मला. टोपल्यात भाकर न्हाई, सगळी हमालांना गेल्ती. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, अन कोनाडा बराबर माह्या तोंडासमोर येतो, उंचीचा हा दोष. मडक्यात हात गेला. येक हरभरा तोंडात टाकला, चावला अन म्हनलं, किसन, पाच रुपये खाल्ले तू, सेठ लोक बी येवढं म्हाग खात नसतील. त्या इचारानं मला येवढं हसू आलं की दुसरा खाल्ला. मंग तिसरा. मंग हसू बंद झालं पन खानं चालूच. दाराकडं बघत बघत, चिमटी चिमटीनं. भानावर आलो तवा मडकं हालवून बघितलं, आवाज बदलल्ता.

तसाच उठलो, मोंढ्यात गेलो, तिथं आडतीवर सांडलेला हरभरा पडलेला असतो, झाडनाऱ्या बाईला म्हनलं येक मूठ घेतो. आलो अन ती मूठ मडक्यात टाकली. माहा हिशेब साधा व्हता, मूठभर खाल्ले, मूठभर टाकले, खर्चा बराबर. पन काय सांगू तुम्हाला, माही मूठ बघा. ही मूठ म्हंजे आठवा हाय आठवा, धान्य मोजायचा. अन खाल्लेले व्हते चिमटीनं. त्यात भेऊन टाकले, म्हनलं कमी नको पडायला. मडकं हालवलं, आवाज चांगला आला. मी शांत झोपलो.

दोन दिवसांनी मिस्त्रीला कामाला लावायचं म्हनून गयानं हरभरे मोजायला काढले. मी दारात दाढी करून राह्यलो. येक ईस. दोन ईस. तीन ईस. अन हरभरे सरंनात. तिनं परत मोजले. चार ईस, अन वर आजून. ती माह्याकडं बघून म्हनली, अहो, मी मधल्या दिवाळीचं इसरले वाटतं, तवा चाचाकडं दोनदा गेल्ते. अन ती उठली. भितीला न धरता उठली. काळा दगड बसतो, म्हनली, जाळीचं कपाट बी बसतं. चेहऱ्यावर आसं काही आलं की धावड्याला लगनात बी मला ते दिसलं न्हवतं, तवा मी वर बघत व्हतो म्हना. आता तुमीच सांगा, त्या बाईला कोन्या तोंडानं सांगायचं की ही दिवाळी न्हाई, ही मोंढ्यातली झाडलोट हाय. मी तोंड उघडलं, साबनाचा फेस आत गेला, परत बंद केलं. दाढी कापली ती येगळीच.

मंग कोन थांबतं. तिनं भाकरीच्या पैशातून सुताराला बयाना दिला, जाळीचं कपाट सांगितलं. ठेसनाकडच्या दगडवाल्याला काळा दगड सांगितला. मिस्त्रीनं येऊन जुनी चूल फोडली, जमीन उखडली. चूल आंगनात गेली, गया आंगनात बसून भाकरी करायली, वरून ऊन, शेजारची कोंबडी पिठात. दर सकाळी मी ठरवायचो, आज सांगतो. दर सकाळी ती म्हनायची, आता आठच दिवस ह्या गुडघ्याचे. मी म्हनायचो हाव.

वट्याच्या उंचीचं माप घ्यायचं व्हतं तवा मिस्त्रीनं टेप काढला. गया म्हनली टेप ठिवा. ती भितीजवळ उभी राह्यली अन हवेत भाकर थापली, पार फिरवून, तव्यावर टाकून, पानी लावून. मिस्त्रीनं तिच्या हाताखाली कोळशानं रेघ मारली. म्हनला, किसनभाऊ, तुमच्या मांडीपोतर येतो वटा. मी म्हनलं, मला काय करायचंय, मी थोडीच थापनार हाय. हे वाक्य ध्यानात ठिवा.

इटाचं काम झालं अन पैसे काढायचा दिवस आला. गया मडकं घेऊन चाचाच्या दुकानी निघाली, मी माघं. दुकानावर गर्दी, बाजारचा दिवस, आळीतल्या बाया मीठ-मिरची घेऊन राह्यल्या. चाचानं तिचा हिरव्या चिंधीचा डबा काढला, गोनपाटावर पालथा केला, नोटा लावल्या, चिल्लर लावली. गयानं मडकं पालथं केलं. चाचानं येक डाव मोजलं, दोन डाव मोजलं. डब्यातले पैसे तीन ईसाचे बी भरंनात, दोन-तीन कमीच, अन हरभरे चार ईसाच्या वर.

गया म्हनली, चाचा, दुसरा डबा आसंल माहा. चाचा म्हनला, नहीं बहन, एकीच डब्बा है तेरा. ती म्हनली, मंग माहे हरभरे काय खोटं बोलत्यात. हे ती भांडायला म्हनली न्हाई हो, तिला खरंच कळंना. पन माघं उभी व्हती ती पारूबाई म्हनली, चाचा, माहा बी डबा काढा बरं, बघू द्या. दुसरी म्हनली माहा बी. येक बाई मडकं आनायला घरी पळाली. तिला पळताना बघून आजून दोघी पळाल्या.

मी चाचाकडं बघितलं. म्हातारा मानूस, त्यानं टोपी काढली, मांडीवर ठिवली अन तराजूला धरून बसला. कोनावर आरडला न्हाई. फक्त म्हनला, बहन, मेरेकू क्या करना तेरे पैसे का.

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यभर लोकांना हसवत आलो, पन ते मी ठरवून हसवायचो. त्या दिवशी ठरवायला टाइम न्हवता. मी गर्दीत हात वर केला, शाळंत करत्यात तसा, शाळंत कव्हा केला न्हवता. म्हनलं, चाचा, डबा बराबर हाय. हरभरे चुकलेत. हरभरे म्या खाल्ले.

मंग पारूबाई म्हनली, खाल्ले तर कमी व्हतील की, जास्ती कसे झाले. त्या सवालावर मी बी अडकलो. म्हनलं, चिमटीनं खाल्ले अन मुठीनं टाकले. अन मूठ काढून दाखवली. सगळ्यांनी मूठ बघितली. येक म्हातारी व्हती, ती पुढं आली, आपलं मडकं माह्या हातात देत म्हनली, किसनभाऊ, माह्या बी मडक्यातले खा की बाबा, वाढतील तेवढेच.

तिथून जे हसनं सुरू झालं ते पार कुंडलिकेच्या पुलापोतर गेलं आसंल. चाचा सगळ्यात माघून हसला. पयले त्यानं टोपी घातली, डोळे पुसले, मंग मला जवळ बोलवून म्हनला, लंबू, मैं समझा मेरी इज्जत गई, गये तो चने थे. अन हसता हसता खोकला लागला त्याला, मीच पानी दिलं.

गया हसली न्हाई. ती चाचाम्होरं गेली, पदर सारखा केला अन म्हनली, चाचा, माह्या तोंडून ज्यास्ती बोललं गेलं. चाचा म्हनला, तू कुछ नहीं बोली बहन, तेरा मरद वटा खा गया, इत्तीच बात है. लागतील तेवढे पैसे उधार घे म्हनला. गया म्हनली, उधार नको, वटा कोनी खाल्लाय ते माहीत हाय, भरून बी तोच देईल. अन तिथंच, दुकानाच्या पायरीवर, गुडघा लांब करून बसली अन परत ढीग मांडाया लागली. आता खरे तेवढेच हरभरे. मिस्त्रीचा ढीग हालवता येईना, वटा उभा व्हता. सुताराला बयाना गेल्ता, मंग कपाटाचा सांगाडा ठिवला अन जाळीच्या दारांचे हरभरे उचलले. ह्या डावाला जल्दी उचलले. दगडाच्या ढिगाशी थांबली. तिकडं दगड सांगून ठिवल्ता, अन हातात व्हते फक्त शाहाबादीचे हरभरे. ती माह्याकडं बघून म्हनली, जावा तुमी, अन ह्या येवढ्यात तो काय देतो ते घेऊन या, अन गाडीभाडं देनार न्हाई.

मी गेलो. दगडवाल्याला सगळं सांगितलं, खरं तेच. तो पोट धरून हसला अन म्हनला, वाहतुकीत मोडलेला येक काळा हाय, दोन तुकडे, कोनी घेत न्हाई, घेऊन जा. मी येक तुकडा पाठीवर घेतला अन निघालो. दगड उभा न्यायचा असतो अन मधी टेकवायचा नसतो, आडवा टेकला की तडकला. तर नव्या जालन्यातून जुन्या जालन्यात मी पाठीवर काळा दगड घेऊन चाललोय, घाम डोळ्यात, अन माह्या पयले ती गोष्ट पोचलेली. पानटपरीवरून कोनी म्हनतं, किसन, वटा पचला न्हाई का, पाठीतून निघून राह्यला. टांगेवाला म्हनतो, ह्यो तरी खाऊ नको रं बाबा, दात जातील. मला हसू यायचं, पन हसलो की दगड हालायचा, म्हनून रडल्यासारखं तोंड करून चाललो, तर लोकांना आजून मजा. दगड घरी ठिवला अन दुसऱ्या तुकड्याला परत गेलो. परत तीच टपरी, तोच टांगेवाला.

मिस्त्रीनं दोन तुकडे जोडले, मधी सिमेट भरलं, अन वट्याच्या येका टोकाला चूल बसवली. बघा, ती पांढरी रेघ दिसती ना, तीच. गया तिथं पयल्या दिवशी उभी राह्यली, दगडावरून हात फिरवला, त्या रेघंवर थांबला हात, अन ती हसली, दुकानावरचं राह्यलेलं हसू तिनं तिथं काढलं. मला म्हनली, तुमी खाल्ला तो बराबर ह्या जागंवरून का. अन उभ्यानंच भाकर थापून दाखवली मायला. माय म्हनली, गोल तर आलीय. मंग खाऊन म्हनली, बसली पोटात.

आता माही शिक्षा. दारांचे हरभरे मला भरून द्यायचे व्हते, अन मला हमाली सोडून येत काय व्हतं. गया म्हनली, दोन हमाल नवे इचारून राह्यलेत, त्यांच्या भाकरी तुमी करायच्या. म्हनलं, मी. म्हनली, तुमीच. मंग काय, कोळशाच्या रेघंचं आठवा, वटा तिच्या मापाचा, माह्या मांडीपोतर. मी वाकलो. सकाळी उठून, कंबरंत काटकोन करून, मी भाकरी थापायचो. पयली भाकर नेली तर त्यातला येक हमाल उलटीपालटी करून बघत म्हनला, किसन, ही शाहाबादी राह्यली व्हती ती हाय का. दुसरा म्हनला, तोड हळू, मधी सिमेट भरावं लागंल. पन खायचे बिचारे, पैसे बी द्यायचे. हळूहळू हात बसला. आता माही भाकर गयापेक्षा पातळ येती, तिला सांगू नका, तिला माहीत हाय.

चाचानं त्या दिवसापसून हरभरा बंद केला. आता चिंचोके देतो. बायांना तकलीफ झाली, चिंचोका मडक्यात लई जागा घेतो, सगळ्या म्हनत्यात हे किसनमुळं. अन आळीत माहं नाव वटाखाऊ पडलं ते पडलं. पोरं तर सोडा, पोस्टमन बी त्याच नावानं इचारत येतो.

दारांचे पैसे भरले मी, पुरे भरले. सुतार जाळी घेऊन माप घ्यायला आल्ता. गया वट्याला टेकून उभी व्हती, तिनं कपाटाकडं बघितलं, माह्याकडं बघितलं अन सुताराला म्हनली, दादा, राहू द्या. दारं लावली तर आत काय चाललंय ते मला दिसायचं कसं. त्या पैशाचं तिनं मायसाठी घोंगडं घेतलं अन बाकीचे चाचाच्या डब्यात. तवा कपाट हे आसं उघडं हाय, पडदा बी लावू देत न्हाई. मांजर येती, ती मी हाकलतो, ते बी शिक्षेतच धरलंय.

आता चार वर्सं झाली. गुडघा आजून दुखतो म्हनती पावसाळ्यात, पन वाकतो, अन बसायचा परसंग येत न्हाई. माय गेल्या सालापसून तिच्या शेजारी उभी राहून भाजी चिरती, येका हातानं दगडाला धरून. माही कंबर गेली, ती जाऊ द्या, तिला तरी वाकायचीच सवय व्हती. कोनाच्या घरात कोनाचा गुडघा दुखत आसंल त्याच्या घरी वटा व्हवो, अन व्हायच्या आदी कोनी तो खाऊ नये, येवढंच माहं मागनं हाय.

किती लिहिलं तुमी. हात दुखत आसंल. हे घ्या, भाजलेले हरभरे हाएत, गयानं सकाळीच भाजलेत. खा खुशाल, हे मोजलेले न्हाईत. मोजलेले ते चिंचोके, अन त्यांचं मडकं कुठं ठिवलंय हे तिनं मला आजून सांगितलेलं न्हाई.